गाठीला विचारायचे दोन प्रश्न

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ‘कितव्या स्टेजला आहे?’ प्रश्न रास्त आहे. गाठ किती मोठी, काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचली का, हाडांत किंवा यकृतात उतरली का, हे कळल्याशिवाय उपचारांची आखणी होत नाही. पण रोग आजवर कुठवर आला, एवढेच स्टेज सांगते. तो कशाच्या बळावर आला आणि त्याला नेमके कुठे अडवता येईल, हे तिच्यावरून कळत नाही. सारख्याच आकाराची गाठ असलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीला रोजच्या एका स्वस्त गोळीने वर्षानुवर्षे संरक्षण मिळते, तर दुसरीला त्याच गोळीचा काडीचाही उपयोग होत नाही. या फरकाचे उत्तर गाठीच्या पेशींत असते आणि ते काढून घेण्यासाठी गाठीला दोन प्रश्न विचारावे लागतात. ती कोणाच्या हुकमाने वाढते? आणि तिच्या डीएनएची कोणती दुरुस्ती बंद पडली आहे? पहिला प्रश्न हॉर्मोन रिसेप्टरांचा, दुसरा डीएनए दुरुस्तीचा. पुस्तकांत ही दोन वेगळी प्रकरणे असतात. माझे म्हणणे असे की ती एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, आणि ही दोन उत्तरे हाती नसताना ठरवलेला उपचार हा अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय असतो. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्याचा जागतिक कर्करोग नोंदींचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या संख्येच्या बाबतीत अर्धवट माहिती परवडणारी नाही.

पहिल्या प्रश्नाची सुरुवात ग्लासगोत झाली. जॉर्ज बीटसन या स्कॉटिश शल्यविशारदाने पदवीच्या प्रबंधासाठी दूध तयार होण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास केला होता. काही देशांतले शेतकरी गाय जास्त काळ दुभती राहावी म्हणून तिचे अंडाशय काढतात, हे त्याने वाचले होते. एका अवयवाचे काम दूरच्या दुसऱ्या अवयवाच्या ताब्यात असू शकते, हा विचार त्याच्या मनात तिथून रुजला. १८९५ साली त्याच्यापुढे ३३ वर्षांची एक रुग्ण आली. स्तन काढल्यानंतर छातीवर रोग पुन्हा उगवला होता आणि शस्त्रक्रियेने काढून टाकण्याच्या पलीकडे गेला होता. बीटसनने गाठीला हात न लावता तिचे अंडाशय काढले. पुढच्या काही महिन्यांत छातीवरचा रोग विरघळून दिसेनासा झाला आणि ती स्त्री आणखी सुमारे चार वर्षे जगली. १८९६ साली त्याने ‘लॅन्सेट’मध्ये ही हकिकत छापली, तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही अस्तित्वात नव्हते. अंडाशयातून निघणारा हा हॉर्मोन एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी १९२३ साली दाखवून दिला. बीटसनला कारण ठाऊक नव्हते, पण गाठीचा कारभार दुसरीकडून चालतो हे त्याने बरोबर ओळखले होते.

मग इतर शल्यविशारदांनीही अंडाशय काढून पाहिले. १९०० साली स्टॅन्ली बॉइड यांनी अशा ५४ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. त्यांत साधारण एकतृतीयांश स्त्रियांना स्पष्ट फायदा झाला होता. हा आकडा या सगळ्या विषयाचे मर्म आहे. दोनतृतीयांश स्त्रियांनी शस्त्रक्रियेचा धोका पत्करला आणि त्यांना काहीही मिळाले नाही. सरासरीवर नजर ठेवणारा म्हणेल की उपचार फारसा चांगला नाही. पण एखादा उपचार तिघींपैकी एकीला तारतो आणि उरलेल्या दोघींना जराही लागू पडत नाही, तेव्हा तो दुबळा उपचार नसतो. तो चुकीच्या रुग्णांनाही दिलेला चांगला उपचार असतो. योग्य रुग्ण आधी ओळखण्याचे साधन तेवढे हवे असते. ते साधन मिळायला आणखी साठ-सत्तर वर्षे गेली.

ते शिकागो विद्यापीठातल्या एल्वुड जेन्सन यांनी मिळवून दिले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आणि हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्रोजेनच्या रेणूला किरणोत्सारी हायड्रोजन जोडला आणि तो उंदरांच्या लहान माद्यांना टोचला. स्नायूंमधून तो लवकरच निघून गेला. गर्भाशयात मात्र तासन्‌तास टिकून राहिला, तोही जसाच्या तसा, रासायनिक बदल न होता. तोवर समजूत होती की हॉर्मोन एखाद्या रासायनिक प्रक्रियेत खर्ची पडून काम करतो. जेन्सन यांचा निष्कर्ष उलटा होता: काही पेशींत त्याला धरून ठेवणारे प्रथिन आहे आणि हे धरणे हाच संदेश आहे. हे प्रथिन म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. इस्ट्रोजेन त्याच्या पोकळीत बसला की प्रथिनाचा आकार बदलतो, अशा दोन रेणूंची जोडी डीएनएवरच्या ठरावीक जागी बसते आणि पेशीला वाढायला व दुभंगायला लावणारी जनुके जागी होतात. पुढे जेन्सन यांनी रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा बॉइड यांच्या एकतृतीयांशाचा उलगडा झाला. ज्या गाठींत रिसेप्टर होता, त्यांतल्या बऱ्याच गाठी हॉर्मोनचा पुरवठा तोडल्यावर आक्रसत होत्या. ज्यांत नव्हता, त्या क्वचितच दाद देत होत्या. आज जगभरात स्तनाच्या साधारण ७० टक्के गाठींत हा रिसेप्टर सापडतो.

रिसेप्टर ओळखता येऊ लागला तसे त्याला अडवणारे औषधही मिळाले. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ साली टॅमॉक्सिफेन तयार केले ते गर्भनिरोधक गोळीच्या शोधात. उंदरांत ते गर्भनिरोधक ठरले, पण स्त्रियांत त्याने उलट बीज सुटायला मदत केली आणि ती योजना बारगळली. मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात मेरी कोल यांनी त्याचा स्तनाच्या कर्करोगावरचा पहिला अनुभव १९७१ साली प्रसिद्ध केला. क्रेग जॉर्डन यांनी नंतर अनेक वर्षे खपून ते नेमके कसे व किती काळ द्यावे याचा पाया घातला. टॅमॉक्सिफेन रिसेप्टरच्या त्याच पोकळीत बसते, पण त्याच्या रेणूची एक लांब बाजू बाहेर डोकावते. त्यामुळे रिसेप्टरचा जो भाग इस्ट्रोजेनवर मिटायला हवा तो मिटत नाही आणि स्तनाच्या पेशीतला हुकूम निघतच नाही. आता पुरावा पाहा. २० चाचण्यांतल्या २१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून २०११ साली जो निष्कर्ष निघाला, तो असा: गाठीत रिसेप्टर असेल तर पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने पुढच्या पंधरा वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. रिसेप्टर नसेल तर फायदा जवळजवळ शून्य. औषध तेच, मात्रा तीच. फरक पडला तो पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने.

इथे एक आक्षेप येतो. इस्ट्रोजेन तर प्रत्येक निरोगी स्त्रीच्या शरीरात असतो. मुलीच्या वयात येण्यापासून पाळी बंद होईपर्यंत स्तनाची वाढ त्याच्याच इशाऱ्यावर चालते. मग रोगाचा दोष त्याच्या माथी कसा? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर शोधताना आपण आपोआप दुसऱ्या प्रश्नापाशी येतो. पेशीने दुभंगायचे म्हणजे सुमारे सहाशे कोटी जोड्यांचा डीएनए दर वेळी नव्याने उतरवून काढायचा. जितक्या प्रती तितक्या चुकांच्या संधी. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. इस्ट्रोजेनच्या हुकमावरून जनुक जागे करताना पेशी तिथल्या डीएनएचे दोन्ही धागे क्षणभर कापते आणि पुन्हा जोडते, असे २००६ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. गुंतलेल्या डीएनएचा पीळ सोडवणारे टोपोआयसोमरेज हे प्रथिन हा काप घेते. बहुतेक वेळा जोडणी बिनचूक होते. ती चुकली तर काय होते, हे हार्वर्डमधल्या पीटर पार्क यांच्या गटाने २०२३ साली ‘नेचर’मध्ये दाखवले. स्तनाच्या ७८० कर्करोगांचा संपूर्ण डीएनए वाचताना त्यांना आढळले की अनेक गाठींत दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांचे तुटके तुकडे एकमेकांना चुकून जोडले गेले होते, आणि तुटण्याच्या या जागा इस्ट्रोजेन रिसेप्टर जिथे बसतो त्या जागांशी मोठ्या प्रमाणावर जुळत होत्या. अशा चुकीच्या जोडणीतून पुढे काही जनुकांच्या भरमसाट प्रती तयार होतात. बायॉप्सीच्या रिपोर्टवर ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) आणि पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) यांच्यानंतर येणारा तिसरा शब्द ‘हर-टू’, त्याच्या जनुकाचे असे वाढणेही याच वाटेने होऊ शकते. म्हणजे इस्ट्रोजेन वाढीचा हुकूम देतो आणि तो अमलात आणताना डीएनए तुटण्याचा धोकाही ओढवतो. निरोगी स्त्रीला हा धोका सहसा बाधत नाही, कारण तिची दुरुस्ती जागेवर असते.

ही दुरुस्ती पेशीच्या आयुष्याचा नित्यक्रम आहे. प्रत्येक पेशीतल्या डीएनएला दिवसाकाठी हजारो लहानमोठ्या इजा होतात. त्या भरून काढणाऱ्या यंत्रणांचा उलगडा केल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बहुतेक इजा डीएनएच्या एकाच धाग्याला होतात. त्या भरून काढणे सोपे, कारण समोरचा धागा शाबूत असतो आणि त्यावरून काय गेले ते कळते. खरे संकट दोन्ही धागे एकाच जागी तुटल्यावर येते. तेव्हा पेशीपुढे दोन पर्याय असतात. तुटकी टोके मिळतील तशी चिकटवायची, यात मधली अक्षरे गळतात किंवा परकेच टोक जोडले जाते. किंवा त्याच गुणसूत्राची नुकती तयार झालेली दुसरी प्रत शोधायची आणि तिच्यावरून तुटका भाग अक्षरशः उतरवून घ्यायचा. हा दुसरा, बिनचूक मार्ग बीआरसीए-वन आणि बीआरसीए-टू या प्रथिनांवाचून चालत नाही. पहिले तुटकी टोके कापून तयार करण्याच्या कामात असते. दुसरे रॅड-फिफ्टीवन नावाच्या प्रथिनाचे रेणू उघड्या धाग्यावर ओळीने आणून बसवते आणि मग तो धागा आपली जुळी प्रत शोधत निघतो.

या प्रथिनांची जनुके सापडली ती कुटुंबांच्या वंशावळींतून. स्तनाचा कर्करोग वारशाने येऊ शकतो हे म्हणणे अनेकांना पटत नव्हते, त्या काळात मेरी-क्लेअर किंग यांनी सतरा वर्षे कुटुंबांचा माग काढला आणि १९९० साली दाखवले की कमी वयात रोग होणाऱ्या घराण्यांतला दोष सतराव्या गुणसूत्रावरच्या एका पट्ट्यात आहे. बीआरसीए-वन जनुक १९९४ साली हाती आले, बीआरसीए-टू १९९५ साली. जवळपास दहा हजार वाहक स्त्रियांचा पाठपुरावा करून २०१७ साली जे अनुमान निघाले, त्यानुसार ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-वनच्या दोषात सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए-टूच्या दोषात सुमारे ६९ टक्के असते. अंडाशयाच्या कर्करोगाची अनुक्रमे सुमारे ४४ आणि १७ टक्के.

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात अवघड आक्षेप. हॉर्मोन आणि दुरुस्ती ही एकच गोष्ट असेल, तर बीआरसीए-वनच्या दोषातून होणाऱ्या बहुतेक गाठींत इस्ट्रोजेन रिसेप्टर का नसतो? त्या बहुधा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असतात, म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्ही रिसेप्टरांविना. याचे उत्तर निरोगी स्तनाच्या रचनेत आहे. दूध वाहणाऱ्या नलिकांच्या अस्तरात ज्या पेशींवर रिसेप्टर असतो, त्या स्वतः क्वचितच दुभंगतात. त्या हॉर्मोनचा निरोप घेतात आणि शेजारच्या, रिसेप्टर नसलेल्या पेशींना दुभंगण्याचा इशारा देतात. रँक-एल नावाचे प्रथिन हा त्यातला एक इशारा. दर पाळीला हुकूम येतो तो रिसेप्टरवाल्या पेशीकडे, दुभंगण्याचा भार पडतो तो शेजारणीवर. बीआरसीए-वनच्या दोषातले कर्करोग याच शेजारच्या, अजून पक्क्या न झालेल्या पेशींपासून निघतात, याचा सबळ पुरावा २००९ पासूनच्या संशोधनात मिळाला आहे. म्हणजे गाठीवर रिसेप्टर नसला तरी तिच्या जन्माच्या वेळी हॉर्मोनचा हात असू शकतो, फक्त तो शेजारून पोचलेला असतो. बीआरसीएची दुरुस्ती शरीराच्या सगळ्याच पेशींना लागते, तरी तिच्या अभावाचा फटका स्तन आणि अंडाशय या हॉर्मोनशी बांधलेल्या अवयवांनाच सर्वाधिक का बसतो, या कोड्याचे सगळे पदर अजून सुटलेले नाहीत. पण ज्या अवयवाला हॉर्मोन महिन्यामहिन्याला कामाला जुंपतो, तिथे दुरुस्तीची उणीव आधी उघडी पडावी हे सुसंगत आहे. बीआरसीए-टूच्या दोषातल्या बहुतेक गाठी तर रिसेप्टर पॉझिटिव्हच असतात. तिथे दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच गाठीत भेटतात.

दुरुस्तीचा दोष रोगाला जन्म देतो, आणि उपचाराची वाटही त्याच दोषातून निघते. पोलादपूरहून देशावर चढायला आंबेनळी घाट आहे, महाडहून वरंधा. पावसाळ्यात दरड कोसळून एक बंद पडला तरी दुसऱ्याने वाहतूक चालू राहते; दोन्ही बंद झाले की वाट खुंटते. बीआरसीए गमावलेल्या कर्करोगाच्या पेशीचा एक घाट आधीच बंद असतो. ती जगते ती पार्प नावाच्या प्रथिनाच्या भरवशावर, जे एका धाग्याच्या इजा भरून काढण्यात गुंतलेले असते. औषधाने पार्प रोखले की ते डीएनएवरच अडकून पडते, डीएनएची प्रत काढताना त्या जागी दोन्ही धागे तुटतात आणि ते जोडणारा बिनचूक मार्ग पेशीकडे नसतो. ती मरते. वाहक स्त्रीच्या निरोगी पेशींत बीआरसीएची दुसरी, चांगली प्रत शिल्लक असते, म्हणून त्या बऱ्याच अंशी तगतात. लंडन आणि शेफील्डच्या दोन गटांनी २००५ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात प्रयोगशाळेतल्या पेशींवर हे दाखवले. या सगळ्यात एका नावाची नोंद घ्यायला हवी. पार्पचे काम पहिल्यांदा दिसले ते १९६३ साली स्ट्रासबर्गमध्ये पिएर शांबों आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. त्याच शांबों यांच्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात मानवी इस्ट्रोजेन रिसेप्टरचे जनुक वेगळे काढले, आणि २००४ साली लास्कर पुरस्कार त्यांना जेन्सन व रोनाल्ड इव्हान्स यांच्याबरोबर मिळाला. आपण ज्यांना दोन विषय म्हणतो, त्या दोन्हींच्या मुळाशी एकच संशोधक सापडावा, याचे कारण दोन्ही प्रश्न शेवटी पेशी डीएनए कसा हाताळते याचेच आहेत.

रुग्णांवरचा पुरावाही टॅमॉक्सिफेनच्याच वळणाचा आहे. ब्रिटनमधल्या ‘टीएनटी’ नावाच्या चाचणीत पसरलेला रोग असलेल्या स्त्रियांना डीएनएला थेट इजा करणारे कार्बोप्लॅटिन किंवा नेहमीचे डोसिटॅक्सेल दिले गेले. सगळ्यांची सरासरी काढली तर दोन्ही औषधे सारखीच: गाठ आक्रसण्याचे प्रमाण ३१ टक्के आणि ३४ टक्के. पण ज्यांच्यात जन्मजात बीआरसीए दोष होता, त्यांच्यात कार्बोप्लॅटिनने ६८ टक्के आणि डोसिटॅक्सेलने ३३ टक्के. बॉइड यांच्या ५४ शस्त्रक्रियांत जे झाले तेच इथे झाले. सरासरीने फायदा झाकला होता. पार्प रोखणाऱ्या ओलॅपरिबची ‘ऑलिम्पिया’ ही मोठी चाचणी मुळातच बीआरसीए दोष असलेल्या, रोग परत उलटण्याचा धोका जास्त असलेल्या १८३६ रुग्णांवर झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीन वर्षांनंतर रोगमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ८५.९ टक्के आणि न घेणाऱ्यांत ७७.१ टक्के होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ट्रिपल निगेटिव्ह रोगाच्या सातशेहून अधिक स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली जाहीर झाले. शस्त्रक्रियेआधीच्या केमोत कार्बोप्लॅटिनची भर घातल्यावर पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांचे जगण्याचे प्रमाण स्पष्टपणे सुधारले, वयाने मोठ्या स्त्रियांचे नाही. कार्बोप्लॅटिन हे जुने, स्वस्त, आपल्याकडे सर्वत्र मिळणारे औषध आहे. योग्य रुग्ण निवडला तर जुन्या औषधातूनही नवे आयुष्य मिळते, याचा हा मुंबईत सिद्ध झालेला दाखला आहे.

कोणी म्हणेल, कर्करोग तर औषधाला चकवा देतो, मग या नेमकेपणाचा उपयोग किती दिवस? चकवा देतो हे खरे आहे. पण तो कसा देतो ते पाहा. इस्ट्रोजेन तोडणारी औषधे दीर्घकाळ घेतल्यावर काही गाठींत रिसेप्टरच्या जनुकातच असा बदल होतो की हॉर्मोन नसतानाही रिसेप्टर हुकूम देत राहतो. पार्पच्या औषधांखाली काही गाठींत बीआरसीएच्या मूळ दोषावर दुसरा बदल होऊन प्रथिन पुन्हा कामाचे बनते आणि बंद पडलेली दुरुस्ती सुरू होते. म्हणजे सुटका करून घेण्यासाठीसुद्धा कर्करोगाला त्याच दोन ठिकाणी हात घालावा लागतो. आपण मर्मावर बोट ठेवले होते याचा याहून मोठा पुरावा नाही. त्यातून धडा एवढाच की रोग उलटला तर जुन्या रिपोर्टवर विसंबून न राहता, शक्य असेल तिथे नव्या गाठीची बायॉप्सी करून प्रश्न पुन्हा विचारावेत.

दुसरा आक्षेप आपल्या परिस्थितीचा आहे. जिथे बाई गाठ हाताला लागल्यावरही महिनोन्‌महिने सांगत नाही, तिथे रिसेप्टर आणि जनुकांच्या गप्पा कशाला? लवकर निदानाचे महत्त्व कमी करण्याचा प्रश्नच नाही. मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीने पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतले या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पण लवकर सापडलेली गाठही उपचारावाचून बरी होत नाही आणि उपचार रिसेप्टरवाचून ठरत नाही. शिवाय पहिल्या प्रश्नाला फार खर्च लागत नाही. लागते ती शिस्त. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ तासाभराच्या आत, काप घेऊन, पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवी, कारण फॉर्मॅलिन आत झिरपते ते तासाला साधारण एक मिलिमीटर या संथ गतीने. अख्खी गाठ तशीच बरणीत टाकली तर बाहेरचा थर टिकतो आणि गाभा सडू लागतो. त्या द्रावात नमुना किमान सहा तास आणि जास्तीत जास्त बहात्तर तास राहावा. मग मेणाच्या ठोकळ्यातून केसाहून कितीतरी पातळ काप काढून त्यावर रिसेप्टर ओळखणारे प्रतिपिंड सोडतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली रिसेप्टर असलेल्या पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात. शंभरात एक केंद्रक जरी रंगले तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात. नमुना आठवड्याअखेरच्या सुट्टीत कोरडा किंवा सलाइनमध्ये पडून राहिला, तर रिसेप्टर नष्ट होतो आणि खऱ्या पॉझिटिव्ह गाठीचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्हचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून बरेच जास्त, तीस टक्क्यांच्या आसपास नोंदले जाते. त्याला रुग्णांचे कमी वय हे एक कारण आहेच. पण निष्काळजीपणे हाताळलेल्या नमुन्यांनी त्यात भर घातली नसेल असे म्हणवत नाही. अशा प्रत्येक खोट्या निगेटिव्हचा अर्थ, एका स्त्रीला पाच वर्षांची स्वस्त आणि जीव वाचवणारी गोळी नाकारली गेली.

तिसरा आक्षेप जनुकीय तपासणीचा. तिने घरात भीती पसरते, मुलींच्या लग्नाची चिंता सुरू होते, आणि कधी कधी रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल निघतो, ज्याचे काय करावे कळत नाही. या चिंता खोट्या नाहीत. म्हणूनच तपासणी सरसकट सगळ्यांची न करता, रोग कमी वयात झाला असेल, गाठ ट्रिपल निगेटिव्ह असेल, घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग असेल, किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर आधी समुपदेशन करून करावी. आणि अनिश्चित बदलाच्या आधारावर कोणतीही शस्त्रक्रिया करू नये. स्तनाच्या कर्करोगांपैकी पाच ते दहा टक्केच वारशाने येतात. पण त्या घरांसाठी उत्तराची किंमत मोठी आहे. दोष मुलाकडे आणि मुलीकडे सारख्याच, पन्नास टक्के शक्यतेने जातो. तो वडिलांकडूनही येतो. बहिणीला किंवा मुलीला तो वेळीच कळला, तर नियमित एमआरआय, वेळेवर अंडाशय काढणे किंवा आणखी काही उपाय तिच्या हातात असतात. लपवलेला दोष लग्न मोडत नाही, पण तो जीव घेऊ शकतो. लाज वाटावी असे त्यात काही नाही. ते रक्तगटाइतकेच वारशाने आलेले एक वास्तव आहे.

सव्वाशे वर्षांच्या या पुराव्याचा माझ्या मते एकच निवाडा निघतो. स्तनाच्या कर्करोगात ज्या उपचारांनी मोठे यश दिले, त्यांतले कितीतरी गाठीची गरज किंवा तिची उणीव ओळखून दिलेले होते, आणि सरसकट दिले तेव्हा तेच उपचार मामुली वाटले होते. तेव्हा तुमच्या घरात हे निदान झाले, तर स्टेज विचारून थांबू नका. ‘ईआर, पीआर आणि हर-टूचा रिपोर्ट आला का? नमुना फॉर्मॅलिनमध्ये वेळेवर गेला होता का? आम्ही बीआरसीए तपासणीच्या निकषांत बसतो का?’ हे तीन प्रश्न केमोची पहिली बाटली लागण्याआधी डॉक्टरांना विचारा. शंका असेल तर मेणाचा ठोकळा मागून घेऊन दुसऱ्या चांगल्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्या; तसे करण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि मूळ रिपोर्ट जपून ठेवा, कारण पुढची अनेक वर्षे प्रत्येक निर्णय त्याच कागदावर उभा राहणार आहे.